चार ओळींची चतुःसीमा

या गोष्टीत पहिल्याच पानावर एक गाणं यायचं होतं. चारच ओळींचं. त्यांची जागा आखून ठेवली आहे, ती अशी :

. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .
. . . . . . . . . . . . . . . . . .

ओळी का नाहीत, हे सांगायचं म्हणजेच ही गोष्ट सांगायची. परवानगी मिळाली की त्या येतील. तोवर ‘पुढे काम चालू आहे, वाहने सावकाश हाका’ असं समजून चालावं. महाड-पोलादपूरच्या माणसाला त्या पाटीची सवय आहे.

किशोर उतेकर हा महाडच्या औद्योगिक वसाहतीत, बिरवाडीच्या अलीकडे, एका रंगाच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचा प्रमुख. प्रमुख म्हणजे हाताखाली दोन माणसं आणि एक पंखा. सत्तावीस वर्षं त्याने डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. कोणता रंग, कोणत्या तारखेचा, कोणत्या पिंपातला. चिठ्ठी नसलेला डबा त्याने कधी गेटबाहेर जाऊ दिला नाही. हे आत्ताच सांगून ठेवायचं कारण, पुढचं सगळं रामायण या एका सवयीतून घडलं.

अकरा वर्षं पहाटे उठून त्याने एक कादंबरी लिहिली. नाव ‘किल्ली शेजारी आहे’. पानं चारशे बारा. गावातलं घर बंद करून मुंबईला गेलेला एक माणूस चाळीस वर्षांनी परत येतो, आपल्याच अंगणात उभा राहतो, आणि कुठून तरी त्याला या चार ओळी ऐकू येतात. कादंबरी तिथेच संपते. किशोरच्या मते आधीची सगळी पानं त्या चार ओळींसाठी होती. त्याची बायको शर्मिला म्हणाली होती, “त्या चार ओळी वाचल्या ना, की बाकीची पानं नसती तरी चाललं असतं.” किशोरने ही स्तुती धरली होती.

ओळी त्याने सोळाव्या वर्षी ऐकल्या होत्या, एकोणनव्वद साली, कशेडीच्या पायथ्याला, वडिलांसोबत. जाखडीची बारी होती. ज्यांना जाखडी ठाऊक नाही त्यांच्यासाठी : नाचणारे दोन पक्ष, एक शक्तीवाले, एक तुरेवाले. एका शाहिराने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातूनच जबाब द्यायचा. शक्तीवाल्या शाहीर कुशाबांनी त्या रात्री सवाल टाकला. त्याचा मतलब असा, की घराचा मालक मुंबईत, किल्ली शेजारणीकडे, झाडलोटही तीच करते, तर घर म्हणायचं कोणाचं? (मतलब सांगायला परवानगी लागत नाही, असं ओंकार वकील म्हणतात. वकील पुढे येतीलच.)

आणि आता ती सवय. कादंबरीच्या तिसऱ्या पानावर किशोरने प्रामाणिकपणे एक वाक्य लिहिलं होतं. ‘शेवटच्या पानावरील ओळी शाहीर कुशाबा, वडाचा कोंड, तालुका पोलादपूर, यांच्या.’ डब्याला चिठ्ठी लावली होती.

पुण्याहून प्रकाशन संस्थेच्या संपादक प्रियदर्शिनी यांचा फोन आला.

“सर, छपाईला घेतोय. फक्त त्या गाण्याची परवानगी पाठवा.”

“कोणाची?”

“ज्यांचं गाणं त्यांची.”

“ते वारले हो. नव्वद साली.”

“मग वारसांची. मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, सर.”

किशोरने मनात हिशेब केला. तोवर थांबायचं तर प्रकाशनाच्या वेळी तो सत्त्याहत्तर वर्षांचा असणार होता.

“अहो, पण ते लोकगीतच म्हणायचं. लोकांचं.”

“तसं असतं तर प्रश्न नव्हता. पण तिसऱ्या पानावर तुम्हीच नाव लिहिलंय.”

“ते काढून टाकलं तर?”

प्रियदर्शिनी हळूच म्हणाल्या, “सर, आता मला माहीत आहे.”

छपाई अनंत चतुर्दशीपर्यंत थांबवता येईल, त्यापुढे नाही, असं ठरलं. आणि थांबून चालणार नव्हतंच. दिवाळीच्या आठवड्यात महाडच्या वाचनालयात प्रकाशन ठरलेलं, पत्रिका वाटून झालेल्या, कारखान्याचे मॅनेजर येणार होते. गेटवरचा वॉचमन रोज सकाळी सलाम ठोकून विचारायचा, “साहेब, आलं का पुस्तक?” पहिल्या महिन्यात तो सलाम गोड लागला. दुसऱ्या महिन्यात किशोर मागच्या गेटने जाऊ लागला.

शर्मिलाने उपाय सुचवला. “तुम्ही लेखक ना? मग चार ओळी तुम्हीच करा. परवानगी घरातल्या घरात.”

किशोरने तीन दिवस रजा टाकली. चौथ्या दिवशी कागद तिच्यापुढे ठेवला. त्यातल्या दोन ओळी इथे देता येतात, कारण त्यांच्यावर कोणी हक्क सांगितलेला नाही :

घर हे कोणाचे, प्रश्न असे मोठा,
उत्तर शोधता जीव झाला छोटा.

शर्मिलाने कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाली, “पोलादपूरची गाडी साडेआठला आहे.”

बिल्डिंगमध्ये बातमी पसरायला पाण्याच्या टँकरइतकाही वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरून सल्ला आला, की तहसीलदारांकडे अर्ज करा, तिथे सगळ्याचा उतारा मिळतो. समोरच्या फ्लॅटचं म्हणणं, माहितीच्या अधिकारात गाणं मागवा. तळमजल्यावर ओंकार वकील राहायचा. तरुण, हुशार, आणि जमिनीच्या दाव्यांखेरीज आयुष्यात काही न पाहिलेला. तो म्हणाला, “काका, कागद मी करतो. पण आधी कब्जा कोणाचा, ते बघून या.”

वडाचा कोंड म्हणजे डोंगरातली वाडी, उमरठच्या बाजूला, रस्ता संपतो तिथून वर अर्धा तास चढ. अठरा घरं. त्यातली अकरा कुलूपबंद. उरलेल्यांपैकी एकात शाहिरांची बायको बनुबाई राहायची. पडवीत सुपात कुळीथ निवडत बसली होती. तिच्या डोक्यावर खुंटीला अकरा किल्ल्या टांगलेल्या, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी.

“कोन रे तू?”

“उतेकर. महाडहून आलो. मी एक पुस्तक लिहिलंय.”

“शाळेचं?”

“नाही, कादंबरी.”

“असू दे. बस. पानी पी.”

पाणी पिऊन किशोरने सगळं सांगितलं. प्रकाशक, वारस, साठ वर्षं. ती ऐकत कुळथातले खडे अंगणात टाकत होती, आणि एक कोंबडी दर वेळी फसून धावत होती.

“ने की मग,” ती म्हणाली. “चार ओळी नेल्यास म्हून माझं काय कमी होनार हाय? गानी काय परसातली वांगी हायत?”

किशोरने लगेच पिशवीतून कागद आणि शाईचं पॅड काढलं.

“अंगठा दिईन. पन गावकीला इचार आधी. गानं तेंनी म्हटलं, पन बारी गावाची व्हती. ढोलकी गावाची, पायातले चाळ गावाचे. आन् मोरूला इचारलंस?”

“कोण मोरू?”

“तुरेवाला. ज्याला सवाल टाकला तो. त्याला न इचारता सवाल हलवायचा नाय, रे बाबा.”

किशोरने पॅड बंद केलं. बोटाला शाई लागली होती ती रुमालाला पुसली. तो रुमाल पुढे शर्मिलाने पुरावा म्हणून जपून ठेवला.

. . . . . . . . . . . . . . . . . .
(चार ओळी. गावकी बाकी. मोरू बाकी.)

तोवर ओंकार वकिलाने दस्त तयार केला. त्याच्याकडे नमुना एकच होता, खरेदीखताचा. त्यात त्याने ‘शेतजमीन’ खोडून ‘गीत’ केलं आणि बाकी काही हलवलं नाही, कारण नमुना कोर्टात तीस वर्षं टिकलेला होता. दस्तातला उतारा :

‘…मौजे वडाचा कोंड येथील शाहीर कै. ____________ यांच्या मालकी वहिवाटीचे गीत, पैकी ओळी चार, त्यांची चतुःसीमा येणेप्रमाणे. पूर्वेस : मागील कडवे. पश्चिमेस : पुढील कडवे. दक्षिणेस : ढोलकी. उत्तरेस : साथीदारांचा जीजीकार. सदर गीत झाड, झुडूप, विहीर, दगडधोंड्यासह, येण्याजाण्याच्या वाटेच्या हक्कासह…’

“ओंकार, गाण्यात विहीर कुठून आली?”

“नसली तर बिघडत नाही, काका. पण उद्या निघाली तर?”

दस्तातली ती मोकळी जागा शाहिरांच्या नावाची. ती मोकळी का, तर ओंकार स्वतः कोंडावर गेला होता, बनुबाईची ओळख पटवायला. कायद्याने तिने स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं, की मी अमुकची पत्नी.

“आजी, पतीचं नाव सांगा.”

“तुमाला म्हाईत हाय की.”

“मला आहे. पण तुमच्या तोंडून पाहिजे.”

“माझ्या तोंडून? येवढ्या लोकांत?”

लोक म्हणजे किशोर, ओंकार आणि ती कोंबडी.

“बरं, उखाण्यात घ्या,” ओंकार म्हणाला. त्याला वाटलं, आपण मोठी सूट दिली.

बनुबाईने त्याच्याकडे पाहिलं. “उखाना लग्नात घ्येतात. हितं लगीन कोनाचं हाय? तुजं?”

ओंकार लाल झाला. साठ वर्षांच्या कायद्यापुढे न हरलेला वकील पडवीतच हरला, आणि जागा मोकळी राहिली.

गावकीचे अध्यक्ष सापडले ते भातखाचरात. त्यांची हरकत नव्हती. मात्र कोंडातला कुठलाही निर्णय मुंबई मंडळाशिवाय, म्हणजे मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांशिवाय, होत नाही. मंदिराचा पत्रा बदलायचा तरी नालासोपाऱ्याहून होकार यावा लागतो. मंडळाचा सचिव दीपेश. त्याने फोन उचलला तेव्हा मागे हॉर्न वाजत होते.

“काका, टेन्शन नाय घ्यायचं. एनओसी भेटेल. पन प्रॉपर चॅनलने.”

“चॅनल काय ते सांगा.”

“गनपतीत समदे गावाला येतात, तवा मीटिंग. आन् कादंबरीत कमिटीचे फोटो पायजेत. पासपोर्ट साइज.”

“कादंबरीत फोटो नसतात हो.”

“मंग लोकांना कलनार कसं, का कादंबरी आपली हाय?”

किशोरने घाबरत घाबरत पुण्याला फोन लावला.

“किती फोटो आहेत, सर?” प्रियदर्शिनींनी विचारलं. बाईंचा आवाज इतका शांत होता, की त्याला जास्तच भीती वाटली.

“सतरा. सल्लागार धरून एकवीस.”

शेवटी आभारात नावं द्यायची, फोटो नाहीत, अशी तडजोड झाली. मग नावांच्या क्रमावरून मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. एक उपाध्यक्ष ग्रुप सोडून गेला आणि त्याला परत आणायला तिघं त्याच्या घरी गेले. कादंबरीत एकवीस पात्रंसुद्धा नव्हती.

राहिला मोरू.

मोरू म्हणजे मोरूबुवा. वय ऐंशी. कशेडीच्या पायथ्याशी घर, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसऱ्याचा ‘पुढल्या वर्षी’. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते. किशोरने आता पाठ झालेलं निवेदन केलं. बुवांनी ते डोळे मिटून ऐकलं.

“छापनार?”

“हो.”

“सवाल छापनार. मंग वाचनारा म्हननार, तुरेवाल्यानं काय जबाब दिला? काय सांगशील?”

“कादंबरी सवालावरच संपते, बुवा. तीच तर गंमत आहे.”

“गंमत तुजी. मी त्या पुस्तकात जल्मभर गप हुबा.” ते डोळे उघडून बसले. “तुला ठावं हाय त्या दिशी काय झालं? सवाल पडला, आन् उजाडलं. पयली यष्टी आली. मुंबईवाले उटले न् गाडी धरायला पळाले. जबाब माझ्या तोंडात व्हता रे! आयकायला कोन नाय. कुशाबा म्हनला, फुडल्या वर्सी दे. फुडल्या वर्सी कुशाबाच नाय.”

“मग मला सांगा. सवाल नि जबाब, दोन्ही छापतो.”

“तुला? तू कोन? सवाल तू टाकलास?” बुवा खरोखर रागावले. “जबाब ज्याचा त्याच्या दारात द्यायचा असतो. आन् आदी सवाल पुन्यांदा पडाया लागतो, लोकांत. मी काय पोस्टात टाकू? नायतर छापू नको. माझी नातवंडं शिकलेली हायत, वाचतील.”

किशोर एस.टी.च्या थांब्यावर येऊन बसला. एक कागद मागायला निघालेल्या माणसाला आता दोन गावं, दोन पक्ष आणि छत्तीस वर्षं एका अंगणात आणायची होती. त्याच्या मनात आलं, की सोळाव्या वर्षी आपण झोपलो असतो तर बरं झालं असतं. पण घरी आल्यावर शर्मिलाने विचारलं, “म्हातारा छत्तीस वर्षं जबाब तोंडात घेऊन बसलाय?” आणि ती जरा वेळ भाजी चिरायची थांबली. “मग करा की बारी.”

ती नुसती बारी राहिली, ती दीपेशला कळेपर्यंतच. गौरी-गणपतीत किशोर आणि शर्मिला कोंडावर पोचले, तर वाटेवरच बॅनर. ‘वडाच्या कोंडाचे सुपुत्र, साहित्य सम्राट किशोरभाऊ उतेकर यांचा भव्य सत्कार’. भोवती एकवीस पासपोर्ट फोटो. जे कादंबरीत मावले नाहीत ते इथे आले होते. किशोरचा फोटो मंडळाला मिळाला नव्हता, म्हणून कारखान्याच्या ओळखपत्रावरचा मोठा करून घातला होता. त्यात तो चोरी कबूल करताना असावा तसा दिसत होता.

“मी या गावचा नाही,” तो दीपेशला म्हणाला.

“आता हाय ना, काका.”

बारी दुपारची ठेवली होती, कारण दिवेलागणीनंतर मोरूबुवांना दिसत नसे. दोन वाजले, तीन वाजले, बुवा नाहीत. मग कळलं, कशेडीला दरड आली आहे, गाड्या अडकल्या आहेत. दीपेशने माइक हातात घेऊन तासभर ‘हॅलो, हॅलो, चेक’ केलं. अनंत चतुर्दशीला चार दिवस उरले होते. किशोर पडवीच्या कडेला बसून चारशे बारावं पान कोरं ठेवता येईल का, याचा विचार करत होता. ‘प्रयोग आहे’ म्हणून सांगता आलं असतं. हल्ली लोक कशालाही प्रयोग म्हणतात.

साडेचारला खालून घरघर आली. दरड हटवणारा जेसीबी चढ चढत येत होता. केबिनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी मोरूबुवा, डोक्याला फेटा, मांडीवर ढोलकी. ड्रायव्हर बिहारचा. चिखलातून एकटे चालत आलेले, फेटा बांधलेले म्हातारबाबा बघून त्याला ते कोणी मोठे महाराज वाटले आणि त्याने सरळ उचलून आत बसवलं. बुवांनीही त्याचा गैरसमज घालवायची घाई केली नव्हती.

बुवा उतरले. ढोलकी कमरेला बांधली. “हं. सवाल टाका.”

शक्तीवाल्यांचा शाहीर जाऊन पस्तीस वर्षं झाली होती. मंडळाच्या पोरांना चाळ बांधून नाचता येत होतं, पण ओळी कोणालाच येत नव्हत्या.

“यूट्यूबवर नाय ते गानं,” दीपेश हळूच म्हणाला. मग त्याने माइक किशोरच्या हातात दिला. “काका, तुमीच.”

किशोर आयुष्यात कधी गायला नव्हता. बाथरूममध्येही नाही. पण अकरा वर्षं रोज पहाटे ज्या ओळींपाशी जाऊन थांबला होता, त्या त्याला आल्या नाहीत तर कोणाला येणार? त्याने डोळे मिटले. पहिली ओळ गेली. सुराचं सोडा, पण गेली. दुसरी गेली. तिसरी त्याने जरा गळा काढून घेतली. ही ओळ इथे देता येते. का, ते लगेच कळेल :

वाट बघी ती, डोळे तिचे वाटेशी

“थांब, थांब रे!” उंबऱ्यातून आवाज आला. बनुबाई उठून उभी राहिली होती. “ही कुठली आनलीस?”

“तिसरी ओळ. शाहिरांची.”

“कशाची शाहिरांची! वाट कोन बघतंय? अकरा घरं झाडायची, वाट कदी बघू?”

अंगणात हशा पिकला. माइक चालू असल्याने तो खालच्या वाडीतही पिकला असणार. साहित्य सम्राटाचे कान तापले. अकरा वर्षं, चार मसुदे, आणि जी ओळ लिहिताना दर वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, नेमकी तीच शाहिरांची नव्हती. ती त्याची स्वतःची होती, आणि ती चुकीची होती. चिठ्ठी एकाची, माल दुसऱ्याचा. सत्तावीस वर्षांत असा डबा त्याने सोडला नव्हता.

बनुबाई अंगणात आली. माइक नको म्हणाली. पदर खोचून, हात कानाशी नेऊन तिने चारी ओळी म्हटल्या. आवाज फाटका होता, पण एकही शब्द सांडला नाही. खऱ्या तिसऱ्या ओळीला लोक पुन्हा हसले. चौथीला कोणी हसलं नाही. त्या अकरा घरांचे मालक तिथेच उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, आणि त्यांच्यातला एक उगाच मोबाइल पाहू लागला.

. . . . . . . . . . . . . . . . . .
(चार ओळी. ऐकल्या सगळ्यांनी. इथे अजून नाहीत.)

मोरूबुवांनी ढोलकीवर थाप मारली. छत्तीस वर्षं ठेवलेला जबाब, पण त्यांनी घाई केली नाही. एकेक ओळ दोनदा घेतली. त्या ओळी इथे नाहीत आणि येणारही नाहीत. मतलब तेवढा असा, की घर पाटीवर नाव असतं त्याचं नव्हे, आणि किल्ली ठेवते म्हणून तिचंही नव्हे. बाहेरून कोणी हाक मारली तर आतून जो ओ देतो, घर त्याचं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुवांनी हात वर करून त्या थांबवल्या. बारीची रीत अजून पुरी व्हायची होती. जबाब दिला, की समोरच्या शाहिराला नावाने हाक मारायची. त्याने ओ दिली की जबाब पोचला.

“कुशाबाऽऽ!” बुवांनी घराच्या दाराकडे तोंड करून हाक मारली.

ढोलकी थांबली. दीपेशने माइक बंद केला. जेसीबीचा ड्रायव्हर, ज्याला यातलं अक्षर कळत नव्हतं, त्यानेही टोपी काढली. बुवा वाट बघत उभे होते. खरोखर वाट बघत, जणू ते विसरलेच होते की तो माणूस नाही. किशोरला वाटलं, आपण हे काय करून बसलो. चार ओळींसाठी एका म्हाताऱ्याला रिकाम्या दारापुढे उभं केलं.

बनुबाई वळली. अंगणातून पडवीत गेली, उंबरा ओलांडून आत गेली. आणि आतून म्हणाली,

“ओ!”

बुवांनी फेटा काढून ढोलकीवर ठेवला. मग किशोरकडे वळून म्हणाले, “छाप आता.”

किशोरने वही उघडली. “बुवा, जबाबही लिहून द्या. दोन्ही छापतो. तुम्ही पुस्तकात गप दिसणार नाही.”

“नको.”

“पण तुमचीच तर हरकत होती!”

“व्हती. जबाब जित्तं द्यायचा तित्तं पोचला. आता पुस्तकात ऱ्हातो हुबा गप. मला काय व्हतंय.” आणि ते चहा मागायला लागले.

एनओसीवर एकवीस सह्या संध्याकाळच्या आत झाल्या. कोणी क्रम विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या गाड्या निघू लागल्या. एरवी लोक जाता जाता किल्ली खुंटीला अडकवून पुढे होत. या वेळी त्यातला मोबाइलवाला पायरीशी थांबला. “काकी, किल्ली ठेवू काय तुज्याकडं?” बनुबाई म्हणाली, “ठेव. पन आदी अंगन झाडून जा.” त्याने इस्त्रीच्या शर्टातच झाडू घेतला. मागे रांगेत दहा जण उभे होते.

ओंकार वकील दस्त घेऊन आला. ती मोकळी जागा अजून मोकळीच होती. त्याने ती विचारायचं धाडस केलं नाही, नुसतं पेन तिथे टेकवून धरलं.

“कुशाबा,” बनुबाई म्हणाली. “लिव. त्या नावाला वो दिलीय आता, घ्यायला काय!”

ओंकारने नाव भरलं. मग तिने दस्त वाचून दाखवायला लावला आणि विहीर, झाडझुडूप आणि दगडधोंडे काढायला लावले. येण्याजाण्याच्या वाटेचा हक्क मात्र राहू दे म्हणाली. तेव्हा कुठे अंगठा उठला.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी पुण्याहून फोन.

“सर, कागद मिळाले. पण तिसरी ओळ बदलली आहे.”

“हो. आधीची माझी होती.”

“असं होय,” प्रियदर्शिनी म्हणाल्या. “सर, खरं सांगू? ही फारच चांगली आहे.”

“…हो,” किशोर म्हणाला. आणि फोन ठेवून पुढच्या गेटने कामावर गेला.

दस्तानुसार, तपासून, चिठ्ठीसह :

कुलूप त्याचं, किल्ली तिच्यापाशी,
अंगन झाडी ती, तो पडलाय मुंबईशी,
बत्ती लावी ती, बिल येई त्याच्या नावाशी,
सांग तुरेवाल्या, घर ठेवू कुनापाशी?

(छापण्यास हरकत नाही. निशाणी अंगठा : बनुबाई. पती : कुशाबा. अट एकच. तुरेवाल्याचा जबाब ज्याला ऐकायचा असेल, त्याने वडाच्या कोंडात येऊन बाहेरून हाक मारावी.)